लॅपटॉपमधले तांदूळ

आमच्या घरात फोडणीच्या वासाआधी शाईचा वास यायचा. आदिलाबादकडच्या इचोड्याच्या मोठ्या रस्त्यावर टायरवाल्याच्या शेजारी बाबांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दारातून आत गेलं की आमचं घर. समोरून नागपूर-हैदराबादचे ट्रक दिवसभर धावायचे, त्यांच्या हादऱ्यानं फडताळातल्या डब्यांची झाकणं वाजायची, आणि नवखा पाहुणा दचकला की आम्हाला हसू फुटायचं. दुकानात बाबा जाळीच्या चौकटीवर शाई ओतून रबरी पट्टी ओढत, खर्रर्र, आणि एक पत्रिका निघे. मग दुसरी. दोऱ्यांवर, खाटेवर, कधीकधी भाकरीच्या टोपलीच्या झाकणावरसुद्धा पत्रिका वाळत असायच्या. दुपारच्या जेवणात अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी ठरलेली. कुणाच्या तरी चुलत्याचं नाव बोटाला चिकटलंय का हे पाहूनच आम्ही घास घ्यायचो.

पत्रिका छापणं सोपं काम आहे असं ज्याला वाटतं त्यानं आमच्याकडे एक दिवस बसायला हवं होतं. आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांची पत्रिका म्हणजे एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, आणि दोन्हीकडे भाऊबंदांची नावं अशी की मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, वारलेल्या थोरल्या भावाची बायको कुठे, घरजावई कुठे, यावरून भांडणं होऊन लग्न लागेपर्यंत माणसं एकमेकांकडे पाहत नसत. बाबा म्हणायचे, "पत्रिका म्हन्जे कागदावरची पंगत हाय. कोनाले कुठं बसवाचं ते ज्याले समजलं, त्यानंच हा धंदा करावा." म्हणून एकदा भांडून ठरलेला क्रम बाबा जिवापाड जपत. आदिलाबादहून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये 'पत्रिका' नावाचं एक फोल्डर होतं, त्यात गाववार सगळी घरं. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका त्यात असली की धाकट्याच्या वेळी फक्त नवरा-नवरीचं नाव बदलायचं, मधल्या काळात जे गेले त्यांच्यापुढे 'कै.' लावायचं, नवे जावई शेवटी बसवायचे. पाहुणे चहा पिऊन होईपर्यंत पत्रिका तयार. बाबांचं सारं नाव त्या फोल्डरवर होतं.

आणि गिऱ्हाईक मात्र मायच्या नावानं यायचं. मायची शाळा दुसरीत सुटलेली, अक्षरं ती बोट लावून वाचायची. पण तिला हातगुण होता. हे मी कौतुकानं म्हणत नाही, लोकच म्हणत. भाजीवाल्या बाया मिरचीचं, वांग्याचं पहिलं रोप तिच्या हातून लावून घेत, पोरीला पहिल्यांदा नथ घालायची तरी हिच्या हातून. छापून झालेल्या गठ्ठ्यातली पहिली पत्रिका देवाची. तिच्या चार कोपऱ्यांना हळद-कुंकू मायच्याच बोटानं लागायचं. ती स्वयंपाकात असली तर माणसं बाहेर बसून राहत. "कौसाबाई, हात धुवा न या सावकाश, आमाले काई घाई नाई." बाबा यावरून तिला चिडवत, "दुकान माह्यं, पन गिऱ्हाईक तुह्यं." माय पदराला हात पुसत बाहेर यायची, तेव्हा तिची मान किंचित वर असे. ती मान मला आजही दिसते.

खंडेनवमीला आमच्याकडे चौकट, कात्री, पट्टी आणि लॅपटॉप पाटावर मांडला जाई. ज्यानं पोट भरतं त्याची पूजा. बाबा स्वतः लॅपटॉप उघडून धरायचे आणि माय त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीकुंकवाची बोटं ओढून वर कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकायची. माय हाताची सैल. चिमूटभर टाकून भागलं असतं, ती मूठभर टाकायची, तीही तीनदा. त्या वर्षी अक्षता जरा ओल्याच होत्या. मी उदबत्ती धरून उभी होते आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं की आता श्रीखंड कधी.

त्या दिवसांत मी बसनं रोज आदिलाबादला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. चार महिने झाले होते. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसं माझं चाललं होतं. जेवताना मी मुद्दाम इंग्रजी शब्द टाकायची आणि बाबा कौतुकानं मान हलवायचे. मला कॉलेजऐवजी क्लासला घालायचं त्यांनी आत्याच्या विरोधात जाऊन ठरवलं होतं. आत्याचं म्हणणं होतं, पोरीनं बटनं दाबून काय होणार. म्हणून दसऱ्यानंतर लॅपटॉप चालता चालता एकाएकी बंद पडायला लागला, तेव्हा निर्मल गावच्या दुरुस्तीवाल्या रफीकभाईंना बोलवू या असं बाबा म्हणाले आणि मी ठसक्यात सांगितलं, "कायले? मी करते न. व्हायरस हाय त्यात. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली का झालं." तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, पहिल्या तीन पत्रिकांची आगाऊ मागणी आली होती. बाबा म्हणाले, "पन पत्रिका?" मी म्हटलं, "त्या आदी पेन ड्राइव्हमंदी काढून ठेवते." आणि काढून ठेवल्या. पडद्यावरच्या 'पत्रिका' या चित्रावर बोट ठेवलं, कॉपी केलं, पेन ड्राइव्हमध्ये पेस्ट केलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं. नवीन पेन ड्राइव्ह, वेग चांगला असणारच, असं मला वाटलं.

मग सुरू झाला तो चार दिवसांचा छळ. डीव्हीडी घातली, निळा पडदा आला, टक्के वाढायला लागले आणि निम्म्यावर आले की लॅपटॉप फटकन काळा. त्याची बॅटरी कधीच मेलेली, तो वायरवरच चालायचा, म्हणून पहिल्या दिवशी मी करंटला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी टायरवाल्याच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली. पुन्हा निम्म्यावर काळा. मग डीव्हीडीत खोट असेल म्हणून क्लासमधून दुसरी आणली. मग सरांनी सांगितलं तसं मागचं झाकण काढून मेमरीची पट्टी बाहेर काढली आणि शाळेतल्या खोडरबरानं तिची सोनेरी टोकं घासली. लॅपटॉपचं अंग तापलेलं असायचं, मांडीवर धरवत नसे. पण तापलेलं अंग म्हणजे काय, हे त्या चार महिन्यांत मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला स्वतःला सुचलं नाही. माय पोळीवर तूप घालून ताट तिथंच आणून ठेवायची आणि म्हणायची, "त्याले थोडं थंड होऊ दे वं. माणूस बी दमते." मी तिच्यावर खेकसायची, तुला काय समजते. सगळ्यांत बरोबर निदान तिचं होतं, हे आज लिहिताना माझीच मला चीड येते.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आलं की हार्ड डिस्कच्या या भागात सिस्टिम बसवता येणार नाही. मी एसटीडी बूथवरून क्लासच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, अर्धवट कामाची घाण साचली असेल, डिस्कचे सगळे भाग उडव आणि एकच नवा बनव, डेटा घेतला आहेस ना? मी म्हटलं, घेतला सर. दुकानात येऊन मी पहिला भाग उडवला. दुसरा उडवला. 'यातलं सगळं जाईल' असं यंत्रानं विचारलं आणि मी हो म्हटलं. पुन्हा टक्के वाढले, पुन्हा निम्म्यावर काळा.

चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी मला न विचारता रफीकभाईंना बोलावलं. लक्ष्मणराव पाटील आणि त्यांची माणसं पत्रिकेसाठी बाकावर येऊन बसली होती. रफीकभाई शांत माणूस, त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, सगळे स्क्रू काढले आणि आतल्या चिमुकल्या पंख्याकडे पाहून हसले. "भाईसाब, इसमें तो चावल है." चिमट्यानं त्यांनी एकेक दाणा काढून कागदावर ठेवला. लाल, फुगलेले, हळदीच्या चिखलात घट्ट बसलेले तांदूळ. पंखा फिरतच नव्हता, म्हणून यंत्र तापायचं आणि स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. बाकावरची माणसं पोट धरून हसली, बाबाही हसले. पंखा साफ झाला, झाकण बसलं, आणि जी सिस्टिम चार दिवस निम्म्याच्या पुढे जात नव्हती ती तासाभरात बसली. बाबांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि मला म्हणाले, "आता टाक पत्रिका. पाटलांची काढ पयली."

मी पेन ड्राइव्ह लावला. आत एकच वस्तू होती. पिवळ्या फोल्डरचं चित्र आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण. मी त्यावर दोनदा टिचकी मारली, यंत्र म्हणालं, हे ज्या ठिकाणाकडे बोट दाखवतंय ते ठिकाण नाही. मी पत्रिका काढून ठेवल्याच नव्हत्या. पत्रिकांकडे जायच्या रस्त्याची पाटी तेवढी उचलून आणली होती, आणि काल दुपारी गाव स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं. आज मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. पहिल्याच तासाला फळ्यावर तो बाण काढून दाखवते, बाण दिसला तर समजा की हातात काही नाही. कुठं शिकले ते सांगत नाही.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "फायली नाई उघडून राह्यल्या."

खोटं नव्हतंच ते. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांची नजर वर्तमानपत्रावरच्या तांदळांवर गेली. "तापून तापून जळल्या असतीन," ते सावकाश म्हणाले. रफीकभाईंनी मान वर केली. "बेटी, बॅकअप लिया था ना?" मी म्हटलं, "लिया था." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग हत्यारं पिशवीत भरली आणि निर्मलच्या बसला निघून गेले. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि त्याच्या मागे आदिलाबादची बस, माझा क्लास, आत्याचं तोंड, सगळं उभं होतं. मी गिळलं.

बाबांनी मायला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली, तिला वाटलं हळद लावायला बोलावलं. पाटलांच्या माणसांसमोर, टायरवाल्यासमोर बाबा म्हणाले, "पाह्य. साऱ्या जलमाचं काम खाल्लं माह्यं तुह्या तांदळानं. लोकं म्हन्तेत कौसाबाईच्या हाताले बरकत हाय. हे पाह्य बरकत!"

"आवो, म्या तं दरसालासारख्याच..." माय म्हणाली आणि थांबली. बाबा तोवर कधी तिला असं चारचौघांत बोलले नव्हते. तिनं खाली बसून वर्तमानपत्रावरचे तांदूळ एकेक करून तळहातावर गोळा केले आणि आत निघून गेली. मी पडद्याकडे पाहत राहिले. मला रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण तेच वाटलं होतं.

पाटलांची पत्रिका त्या दिवशी अडायला हवी होती. चार भाऊ, दोन घरं, थोरल्या मुलाच्या लग्नावेळी तीन बैठका होऊन ठरलेला क्रम, आणि तो आता त्यांनाही धड आठवेना. बाकावर आवाज चढायला लागले तेव्हा मागच्या दारातून मायचा आवाज आला. ती उंबऱ्याच्या आत होती, बाहेर आली नाही. "पयले तुमचे बाबा, किसनबापू. मंग थोरले भाऊ वारले, त्यायच्या नावानं गंगाबाई. मंग तुमी लक्ष्मणराव. धाकले दोघं एका ओळीत, पन वसंता उजव्या आंगाले, काऊन का त्याची सोयरीक आदी झाली." "बराबर हाय," लक्ष्मणराव म्हणाले. मी टाइप करत गेले. तेलुगू बाजूची नावंही तिनं तशीच सांगितली, अक्षर न ओळखता.

बाकीची शेकडो घरं मात्र तिच्याही डोक्यात नव्हती. त्यावर तिनंच उपाय काढला. आमच्याकडे लग्नपत्रिका कुणी फेकत नाही. देवाच्या फोटोमागे, पेटीच्या तळाशी, धान्याच्या कोठीत ती वर्षानुवर्षं पडून असते. बाजाराच्या दिवशी माय येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारू लागली, "तुह्या पोराच्या लग्नाची पत्रिका हाय का वं घरी? दे न आनून, पाहून वापस देतो." ज्या बायांनी आणली नाही त्यांच्या गावी ती स्वतः जायची. इंद्रवेल्लीपर्यंत ऑटोनं आणि तिथून पुढे पायी, कापसाच्या शेतांच्या बांधांवरून, कधी मला बरोबर घेऊन. तेलाचे डाग पडलेल्या, उंदरांनी कोपरे खाल्लेल्या पत्रिका पिशवीत घालून ती आणायची आणि मी टाइप करायची. तिच्या टाचांना भेगा पडल्या, त्यांत ती मेण वितळवून भरायची. एकदा स्टँडवर बसची वाट पाहत बसलो होतो. ती चपला काढून पाय चोळत म्हणाली, "माह्या हातानं गेलं न, तं माह्याच पायानं याले पाह्यजे." मी म्हटलं, "माय, ते तांदळानं..." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे वं. तू नको मले समजावू." मी राहू दिलं. किती सहज राहू दिलं.

पाटलांच्या पत्रिकेपासून तिनं कोपऱ्यांना हळद लावणं सोडलं. पहिल्या वेळी म्हणाली, बोट कापलंय. पुढच्या वेळी, डोकं दुखतंय. मग सरळ सांगायला लागली, "आता पोरगीच लावते." लोक मुकाट्यानं माझ्याकडे वळले. मी चार कोपऱ्यांना चार बोटं लावायची. मिरचीच्या रोपांसाठी येणाऱ्या बायाही हळूहळू दुसऱ्या दाराला जाऊ लागल्या, कारण ती काही ना काही सबब सांगायची. बाबांचा राग म्हणाल तर महिन्याभरात उतरला होता. ते मनाचे वाईट नव्हते. उलट वर्षभरानं त्या तांदळांची त्यांनी गंमतच करून टाकली, नव्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचे, "आमच्या घरच्या मानसानं लॅपटॉपलेच मसालेभात चारला." सगळे हसायचे. मायही हसायची. माझा क्लास पुरा झाला, नोकरी लागली, लग्न झालं. सांगायला उशीर झाला की तो उशीरच आणखी उशीर करायला लावतो. बाबा गेले ते तीच गोष्ट खरी मानून गेले.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा कळलं की मायला सांगितल्याशिवाय ते पुरं होणार नाही. ती सध्या माझ्याकडे असते. परवा सकाळी ओट्याशी बसून ती अंबाडीची पानं खुडत होती, मी समोर बसले आणि सांगून टाकलं. बाणाचं चित्र तिला दोनदा समजावून सांगावं लागलं.

"मंग तांदळानं गेलं नाई ते?" तिनं विचारलं.

"नाई माय. तांदळानं पंखा तेवढा अडकला होता. पत्रिका म्या पुसल्या."

"एक बी नाई गेली तांदळानं?"

"एक बी नाई."

ती पानं खुडत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, किंवा म्हणेल की मला तेव्हाच कळलं होतं. गोष्टींत आया तसं म्हणतात. तिला काहीही कळलेलं नव्हतं. तिनं एक जुडी संपवली, काड्या बाजूला केल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुह्या लग्नात म्या तुले हळद लावली नाई. ध्यानात हाय का?"

मी म्हटलं, "तू सैपाकात होतीस न."

"सैपाक आचारी करत होता," माय म्हणाली. "म्या म्हनलं, कायले पोरीच्या आंगाले हा हात."

दुपारी ती झोपल्यावर मी अल्बम काढला. हळदीचे सत्तावीस फोटो आहेत. आत्या आहे, दोन्ही मावश्या आहेत, टायरवाल्याची बायको आहे, पाटलांच्या गंगाबाई विधवा असूनही हौसेनं मागे उभ्या आहेत. माझं तोंड, मान, हात पिवळे होत जाताना दिसतात आणि मी सगळ्यांत हसते आहे. माय एकाही फोटोत नाही. हा अल्बम मी आजवर कितीतरी जणांना दाखवला होता.